तिसऱ्या मिनिटाचा टोल

तीन मिनिटं म्हणजे किती, हे घड्याळाला नका विचारू, मला विचारा. एकतीस वर्षं मी बॉक्सिंगच्या रिंगबाहेर टेबलाशी बसून घंटा वाजवली. राउंड सुरू, टोल. तीन मिनिटं झाली, टोल. एक मिनिट विश्रांती, परत टोल. पगार नव्हता, चहा असायचा. पहाटेपासून बेकरीत भट्टीपुढे उभं राहायचं आणि संध्याकाळी क्लबात जाऊन टोल द्यायचे. लग्न केलं नाही. कारण विचारू नका, गोष्ट मोठी आहे आणि चूक माझीच आहे.

भट्टीमुळे वेळ माझ्या अंगात मुरली. ब्रेडचा ट्रे बावीस मिनिटं, बिस्किटांचा अकरा. घड्याळ कोण बघतो? पाठीलाच कळतं. राउंडचंही तसंच. स्टॉपवॉच टेबलावर असायचं, डावा हात त्याच्यावर, उजव्या हातात हातोडी. पण बघायचो नाही. आधी टोल द्यायचा, लगेच डाव्या हाताने घड्याळ थांबवायचं आणि मग खाली नजर टाकायची. तीन मिनिटं. फार तर अर्धा सेकंद इकडे तिकडे. पोरं पैजा लावायची. मला भिंतीकडे तोंड करून उभं करायची, कोणी चुटके सांगायचा, कोणी कानात गवताची काडी घालायचा. मी बरोबर तीन मिनिटांनी म्हणायचो, "झाली. चहा सांगा." हा माझा माज होता, कबूल करतो. माणसाला एखादी तरी गोष्ट येत असली की तो तिच्या जिवावर मिशा पिळतो. मला ही एकच येत होती.

सगळे मला टोल्या म्हणायचे. नाव पाडलं वस्तादांनी.

वस्ताद म्हणजे आमच्या क्लबाचे बॉक्सिंग शिकवणारे. दिवसा त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान, टेबलाएवढं. संध्याकाळी हॉलच्या वरच्या मजल्यावरची तालमीची खोली. तिथे मधोमध रिंग आणि भिंतीला चाळीस खुंट्या, प्रत्येक खुंटीला एकेकाचे ग्लव्हज. एक काळ असा होता की खुंटी रिकामी होईपर्यंत पोरांना जिन्यात थांबावं लागायचं. ही गोष्ट घडली तेव्हा चाळीसपैकी नऊ खुंट्यांवर ग्लव्हज होते, आणि त्यातले दोन जोड मेलेल्या माणसांचे. वस्ताद काढू द्यायचे नाहीत.

बाकीची पोरं गेली कुठे? तर बस डेपोच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे. एमएमए. नाव लांबलचक आहे, मला तीन अक्षरं पुरतात. ठोसा मारा, लाथ मारा, गुडघा मारा, खाली पाडा, पडल्यावर गळा आवळा, हात पिरगाळा. आणि रिंगऐवजी जाळीचा पिंजरा. पोरं मोबाइलवर दिवसभर तेच बघायची. वस्तादांसमोर तो विषय काढला की त्यांचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं व्हायचं.

"बॉक्सिंग मारलं या लोकांनी," म्हणायचे.

मी मान डोलवायचो. मनातून मला वेगळं वाटायचं, पण मी बोलायचो नाही. वस्ताद नव्या पोराला सहा महिने नुसतं चालायला लावायचे. डावा पाय पुढे, उजवा मागून. ठोसा नाही, बॅग नाही, ग्लव्हज नाहीत. पोराचा दुसऱ्या महिन्यातच पाय निघायचा. शेडमध्ये पहिल्याच दिवशी गादीवर लोळवायचे, घामाने भिजवायचे, हसवायचे. मग पोर कुठे जाणार? पण मी घंटावाला माणूस. माझं काम वेळ सांगायचं, अक्कल सांगायचं नाही.

त्या नऊ खुंट्यांतली एक माझ्या भाचीची.

ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणापासून बारकी, पण सतत इकडून तिकडे, म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. आता सव्वीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात काचा घासते. बहीण कामाला जायची तेव्हा मी तिला क्लबात घेऊन जायचो, माझ्या टेबलाखाली बसवायचो. ती माझ्या टोलावर झोपायची आणि टोलावर उठायची. दहा वर्षांची झाली तेव्हा टेबलाखालून बाहेर आली आणि वस्तादांना म्हणाली, "मला पण." वस्तादांनी तिला वर्षभर चालवलं. ती चालली. तिच्यासारखे पाय वस्तादांनी दुसऱ्या कोणाला दिले नाहीत.

एका दुपारी आम्ही दोघं बेकरीच्या मागच्या खोलीत चहा पीत होतो. वस्ताद मैद्याच्या पोत्यावर बसलेले, त्यांची करडी टोपी गुडघ्यावर. मुंगी आली, ओढणीला काचेची भुकटी लागलेली, आणि दारातूनच म्हणाली, "दोघं आहात ते बरं झालं. एकदाच सांगते. खालच्या हॉलमध्ये पुढच्या महिन्यात एमएमएच्या लढती आहेत. मी लढतेय."

वस्तादांनी कप खाली ठेवला. "कुठे शिकलीस?"

"शेडमध्ये. आठ महिने झाले."

"आठ महिने तू मला सांगत होतीस दुकानात ओव्हरटाइम आहे."

"हो. ते चुकलं माझं."

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण वस्ताद शांतपणे म्हणाले, "मुंगे, मी कुलूपवाला आहे. एका कुलपाला एक किल्ली घासायला मला अर्धा तास लागतो. जी वस्तू सगळ्या कुलपांना चालते ना, तिला किल्ली म्हणत नाहीत. पहार म्हणतात."

"दार उघडायचं असेल तर पहार काय वाईट, वस्ताद?"

"दार मोडतं."

"आणि रस्त्यात कोणी मला धरलं तर? तो काय कमरेच्या वरच मारेल?"

"मग रस्त्यातच मारामारी कर. तिकीट कशाला लावता? आणि पिंजरा! जनावरांना ठेवतात पिंजऱ्यात."

"रिंगला तरी काय, चारी बाजूंनी दोरच आहेत. गोठ्यात असतात तसे."

मला हसू फुटलं. वस्तादांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हसू चहात बुडवलं.

"तू काय बोलतोस रे टोल्या?"

"मी काय बोलणार. माझा ट्रे काढायचा झाला." आणि खरंच बावीस मिनिटं झाली होती.

मी परत आलो तेव्हा वस्ताद निघून गेले होते. मुंगी त्यांच्या पोत्यावर बसलेली. म्हणाली, "मामा, जिंकणारीला मोठ्या टीममध्ये घेणार आहेत. सहा महिने राहणं, खाणं, शिकणं, सगळं त्यांचं. मालकाने रजा द्यायचं कबूल केलंय. बॉक्सिंगमध्ये मला चार वर्षांत किती लढती मिळाल्या, सांग बघू?"

"तीन."

"तीन. त्यातल्या दोन एकाच पोरीशी. मामा, मला लढायचंय रे. कुठे, याचं मला फारसं काही नाही."

मग तिने खरी गोष्ट काढली. "टोल तू दे. त्यांच्याकडे भोंगा आहे, बकरी ओरडल्यासारखा. तुझा टोल ऐकला की माझे पाय आपोआप हलतात."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? मामा टेबलाशी आणि भाची पिंजऱ्यात? लोक शेण घालतील तोंडात."

ती म्हणाली, विचारून बघ. विचारलं. लढती भरवणारा म्हणाला, मामा असो की आजोबा, टोल्याचा टोल आहे, कोण बोट दाखवणार? समोरच्या पोरीचा कोच तर माझ्याच टोलावर तरुणपणी लढलेला. तोही म्हणाला, "काकाच हवेत." एकतीस वर्षांची कमाई म्हणतात ती हीच. मी फुगलो. हो म्हणून बसलो.

फक्त एक फरक होता. त्यांचा राउंड पाच मिनिटांचा.

महिनाभर मी बेकरीत पाच मिनिटांची सवय करत होतो. कणीक मळताना, ट्रे पुसताना. मनात मोजायचो आणि दर वेळी तिसऱ्या मिनिटाला उजवा हात शिवशिवायचा. झोपेत कूस बदलतो तसा आपोआप. मी ठरवलं, त्या दिवशी घड्याळ बघूनच टोल द्यायचा. माज घरी ठेवायचा.

संध्याकाळी पाचला हॉल भरला. आमच्या बॉक्सिंगच्या शेवटच्या स्पर्धेला मी खुर्च्या मोजल्या होत्या, पन्नाससुद्धा भरल्या नव्हत्या. इथे पोरं खिडक्यांत बसली होती. बायका आल्या होत्या, कडेवर मुलं घेऊन. मला वस्तादांसाठी वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. इतक्या लोकांनी माझा टोल कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

मुंगीसमोर होती एक टपालवाली. खरंच टपाल वाटते, दिवसभर चार-चार मजले चढते. मांड्या अशा की खांब वाटावेत. हसरी पोरगी. लढतीआधी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "काका, तुमच्या बेकरीचं पत्र माझ्याच पिशवीत असतं. बिलं जास्त असतात." मी म्हटलं, "आणतेस कशाला मग?"

पंच होते शाळेत कवायत शिकवणारे मास्तर. त्यांनी हात केला, मी टोल दिला.

पहिल्या राउंडात मी उजवा हात मांडीखाली दाबून बसलो. खरंच. हातोडी मांडीजवळ, हात मांडीखाली आणि डोळे घड्याळावर. तिसऱ्या मिनिटाला हात खाली फडफडला, कोंबडी दाबून धरल्यासारखा. दाबून ठेवला. पाच मिनिटं झाली, हात काढला, टोल दिला.

त्यामुळे पहिला राउंड मी कानांनीच बघितला. पण मधे मधे नजर जायची. मुंगी काय नाचत होती! टपालवाली तिला धरायला जायची आणि ती तिथे नसायची. डावा पाय पुढे, उजवा मागून, आणि जाता जाता डाव्या हाताची एक सणसणीत. टपालवालीचं नाक लाल झालं, ओठ फुटला. वस्तादांनी वर्षभर चालायला लावलं होतं ते सगळं त्या पाच मिनिटांत बाहेर आलं. माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "हिला हे कोणी शिकवलं?"

तेव्हा मला मागच्या रांगेत, खांबाआड, एक टोपी दिसली. करडी, पुढून मुडपलेली. या पिंजऱ्याची सावलीही अंगावर पडू देणार नाही म्हणणाऱ्या माणसाची टोपी होती ती.

दुसरा राउंड. टोल दिला, परत हात मांडीखाली. दोन मिनिटं मुंगी पुढेच होती. मग टपालवालीने मार खात खातच पुढे मुसंडी मारली. दोन ठोसे तोंडावर झेलले आणि कंबर धरली. कंबर धरली की संपलं हो, पाय कितीही चांगले असोत, ते जमिनीवरच हवेत ना? मुंगी खाली. टपालवाली मागून चढली, दोन्ही पायांनी कमरेला विळखा घातला आणि एक हात हनुवटीखाली सरकवला. मुंगी तो हात ओढत होती. तिचं तोंड माझ्याच बाजूला होतं. आधी लाल, मग जांभळं. मी माझ्या आयुष्यात खूप मार बघितला आहे, पण मार खाणारा माणूस श्वास घेत असतो. इथे श्वास नव्हता.

मी उभा राहिलो. कधी उभा राहिलो ते कळलं नाही.

आणि उभा राहिलो म्हणजे मांडीखालचा हात मोकळा झाला.

टोल.

टोल झाल्याबरोबर टपालवालीने हात सोडला. मास्तर दोघींना वेगळं करत होते. माझा डावा हात घड्याळ दाबून झाला होता. मी खाली बघितलं. तीन मिनिटं. वर एक शून्य, मग अजून एक शून्य.

टपालवालीचा कोच ओरडला, "अहो तीनच झाली! दोन बाकी आहेत!" मग हॉलमध्ये एकच गोंधळ. "मामा आहे, मामा!" "घरचं कार्य आहे काय?" कोणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती जाळीला लागली. एकतीस वर्षांत माझ्या अंगावर कोणी शब्द टाकला नव्हता.

मी पिंजऱ्याच्या दाराशी गेलो. मास्तरांना म्हटलं, "चूक माझी आहे. ती माझी भाची आहे. पकड टपालवालीची होती आणि पक्की होती. मी लवकर टोल दिला."

मास्तरांनी कपाळ पुसलं. "काका, याला नियम काय लावू? दोघींना मधे उभं करतो, उरलेली दोन मिनिटं लढतील."

म्हणजे मुंगी वाचली होती. परत उभी, परत तिचे पाय, तिचे हात. जिंकलीही असती. टपालवाली स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, हातातली वस्तू कोणीतरी काढून घेतल्यासारखी.

मुंगी खोकत होती. खोकता खोकता म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"जिथे होतो तिथून."

मास्तर म्हणाले, "अगं, गळा आवळलेला होता तुझा."

"म्हणूनच." ती खाली बसली. टपालवालीकडे पाठ केली. "ये. पाय घाल."

टपालवाली हळूच मागे बसली, पाय घातले. मुंगीने तिचा हात धरून स्वतःच्या हनुवटीखाली ठेवला. कपड्यांचं माप घेताना बोलतात तशा दोघी बोलत होत्या.

"इथे होता?"

"नाही, अजून आत."

"असा?"

"जरा वर. हां. आणि दुसरा हात माझ्या डोक्यामागे होता."

टपालवालीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला दिसलं. मास्तरांनी वेळ बघायला आपलं मनगटी घड्याळ कोचच्या हातात दिलं, कारण मी म्हटलं मी आता घड्याळाला हात लावणार नाही. पण घंटा? घंटा माझ्याच टेबलावर होती. मास्तरांनी माझ्याकडे हात केला.

माझा हात उचलेना. जो हात नको तेव्हा आपोआप गेला, तो आता दगडासारखा पडून होता. माझ्या टेबलाखाली झोपणारी पोर, मान देऊन बसलेली, आणि सुरुवात मी करायची.

मुंगीने माझ्याकडे बघितलं. "मामा, टोल दे."

दिला.

किती सेकंद टिकली ते मला माहीत नाही. मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोजलं नाही. फक्त तिचा हात दिसला, टपालवालीच्या दंडावर दोनदा थापटणारा. हरले, सोड, याची ती खूण. टपालवालीने लगेच सोडलं, आणि जिंकल्यावर हात वर करायच्या आधी तिने मुंगीला उठवून बसवलं, पाठ चोळली.

मी घंटा, घड्याळ, हातोडी सगळं टेबलावर तसंच ठेवून घरी गेलो.

नऊ दिवस क्लबात गेलो नाही. बेकरीत भिंतीवरचं घड्याळ बघून ट्रे काढायला लागलो. मालक म्हणाला, काय रे, आजारी आहेस का? दहाव्या दिवशी मुंगी आली. मानेवरचं निळं पिवळं पडलं होतं. तिने एक बिस्किट उचललं, खाल्लं, दुसरं उचललं.

"मामा, एक खरं सांग. माझ्यासाठी मारलास?"

मी हातावरचं पीठ झटकलं. "माहीत नाही गं."

ती चावत राहिली. "बरं झालं तसं म्हणालास. नाही म्हणाला असतास तर पटलं नसतं, हो म्हणाला असतास तर बोलले नसते."

"तू मान का दिलीस? जिंकली असतीस."

"जिंकले असते. आणि जन्मभर ऐकलं असतं, टोल्याने वाचवली. त्यापेक्षा हरलेलं हलकं असतं, मामा. उचलून चालता येतं." मग म्हणाली, "वस्ताद वर बोलावतात. आजच."

मी गेलो. जिना चढताना मुंगी मागोमाग होती. वस्ताद रिंगच्या कडेवर बसले होते आणि त्यांच्या हातात माझं स्टॉपवॉच. त्या दिवशी त्यांनीच टेबलावरून उचललं होतं. अजून तसंच थांबलेलं.

"वाच," म्हणाले.

"मला माहीत आहे काय आहे ते."

"वाच म्हणतो ना."

"तीन मिनिटं. शून्य शून्य."

"भाचीसाठी मारला असतास तर अडीचला मारला असतास. किंवा तीनला चार सेकंद कमी, किंवा तीनवर सात. मायेला इतकं अचूक जमत नाही, गाढवा. हा तुझा हात आहे, एकतीस वर्षांचा."

मला रडू आलं. लाज कसली, आलं. पण मी म्हटलं, "वस्ताद, हात सवयीने गेला हे खरं. पण मी त्याच्यावर बसलो होतो. उठलो का? ती माझी भाची होती म्हणूनच उठलो ना?"

वस्ताद घड्याळ उलटसुलट करत राहिले. माझ्या त्या प्रश्नाला उत्तर आजही कोणाकडे नाही. अर्धा हात, अर्धा जीव, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं आहे.

मग ते म्हणाले, "मी दुसरंच काहीतरी बघितलं तिथे. ती टपालवाली जिंकत होती. अजून दोन श्वास आवळलं असतं तर सगळं तिचं. टोल झाला आणि तिने सोडलं. तसूभर जास्त दाबलं नाही. टोल्या, आपल्या रिंगमध्ये टोलानंतर एक जास्तीचा ठोसा मारणारे किती झाले रे?"

"पुष्कळ."

"मीही मारलाय. दोनदा." ते खुंट्यांकडे बघत म्हणाले, "मला वाटायचं त्या जाळीत टोलाला किंमतच नसेल. नुसता धिंगाणा."

"मग बॉक्सिंग त्यांनी मारलं नाही म्हणता?"

"ते मारताहेतच. बघितलीस ना गर्दी? आंधळा नाहीये मी." मग आवाज उतरला. "पण त्या हॉलमध्ये लोक तोंडात बोटं घालून बघत होते ते काय? डावा पाय पुढे, उजवा मागून. माझंच होतं ते. ते तिथेही चालतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही कोणाचं ऐकता?"

"ते बरोबर आहे."

जिन्यात पावलं वाजली. जड, चढायची सवय असलेली. दारात टपालवाली उभी, खांद्याला पिशवी, ओठावर खपली. मला वाटलं बिल घेऊन आली.

ती वस्तादांना म्हणाली, "टीममध्ये जायला अजून दोन महिने आहेत. हिने पहिल्या राउंडला मला जे हाणलं ना, ते मला आलं नाही तर तिथे माझी चटणी होईल. शिकवाल?"

वस्तादांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मी मनात म्हटलं, आता सहा महिने चालवणार आणि ही पळणार.

"चालावं लागेल," ते म्हणाले.

"दिवसभर चालतेच."

"ते चालणं नाही, ते टपाल वाटणं आहे." मग त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. "पण दोनच महिने आहेत म्हणतेस. पहिल्या आठवड्यात चालणं, दुसऱ्यात ग्लव्हज."

मी आणि मुंगीने एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या आठवड्यात ग्लव्हज! त्या खोलीत हे कधी कोणी ऐकलं नव्हतं. वस्तादांनी स्वतः उठून एक खुंटी मोकळी केली. मेलेल्या माणसांपैकी एकाची. ते ग्लव्हज त्यांनी हाताने पुसले आणि तिच्या हातात दिले. टपालवालीने पिशवी खुंटीला अडकवली.

मग वस्ताद रिंगमध्ये शिरले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, दोराखालून वाकताना कण्हला. मधोमध गेले आणि खाली बसले.

"मुंगे, इकडे ये. मला ती पकड दाखव. कुठून सुटता येतं ते मला कळलं पाहिजे, नाहीतर तुला सांगू काय?"

"वस्ताद, तुमचं वय."

"वय तुझ्या मामाला सांग. ये."

मुंगी लाजत मागे बसली. टपालवाली दोरावर हात टेकून सांगायला लागली, "पाय अजून वर. हात आत." वस्तादांची टोपी पडली. माझं टेबल कोपऱ्यात होतं तसंच होतं, त्यावर घंटा पुसून ठेवलेली. मी जाऊन बसलो. स्टॉपवॉच समोर ठेवलं आणि त्यावरचे ते तीन मिनिटांचे आकडे पुसले. आता सगळे शून्य.

"टोल्या, वेळ लाव," वस्ताद गळा आवळलेल्या आवाजात म्हणाले.

"किती मिनिटांचा राउंड?"

ते मुंगीच्या कोपरावरून माझ्याकडे बघत राहिले.

"तीन," म्हणाले. "रिंग माझी आहे."

मी उजवा हात टेबलावर ठेवला, मांडीखाली नाही. आणि टोल दिला.